पायातलं ॲव्हरेज

"गाडी पेट्रोल पीत नाही रे, पाय पितो! ॲव्हरेज पायात असतं!" असं म्हणून उस्तादांनी चपला काढल्या आणि अनवाणीच गाडीत चढले.

उस्ताद म्हणजे बत्तीस वर्षं ट्रक चालवून घरी बसलेला माणूस. आणि गाडी म्हणजे चिरंजीवांनी हौसेनं आणलेली काळी धिप्पाड एसयूव्ही. पाचशे घोड्यांची ताकद, हत्तीचं वजन आणि उंटाची तहान. फरक एवढाच, की उंट एकदा प्यायला की आठवडाभर पाणी मागत नाही.

अंगणात जागा दोन गाड्यांची नव्हती. जुनी छोटी जायची की नवी मोठी, यावर महिनाभर घरात धुसफूस चालली होती. शेवटी सूनबाईनं निकाल लावला. "कंपनीच्या कागदावर लिटरला अकरा लिहिलंय, हिच्या पडद्यावर पाच दिसतंय. मी अकरा मागत नाही. नऊ द्या. रविवारी माझ्या ताईकडे जाऊन येऊ. नऊ पडलं तर ही राहील, नाहीतर जाईल."

"नऊ? डोळे मिटून देतो!" उस्ताद म्हणाले.

"डोळे उघडे ठेवा मामंजी, मीही गाडीत आहे."

उस्तादांच्या मनातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. छोट्या गाडीत त्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे आणि रस्त्याऐवजी पुढच्याची नंबरप्लेट वाचत जावं लागायचं. या गाडीत मात्र ट्रकसारखं उंच बसायला मिळे. रस्ता दूरवर उलगडत जाई. महिन्याभरात त्यांची पाठदुखीसुद्धा पळाली होती. त्यामुळे नऊ पाडणं भागच होतं.

शनिवारीच त्यांनी गाडी हलकी करायला घेतली. मागची शेवटची सीट काढली, स्टेपनी काढली, जॅक काढला, पायपुसणी काढली. रविवारी निघताना चिरंजीवांना म्हणाले, "जाकीट घरी ठेव."

"बाबा, जाकिटानं काय होतंय?"

"थेंबे थेंबे तळं साचतं, आणि थेंबे थेंबेच आटतं! काढ."

पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली. परत येऊन इथंच पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि भागाकार करायचा, असं ठरलं. एसी बंद. उस्तादांचा अंगठा पेडलवर असा टेकला होता, जणू खाली झोपलेलं मांजर आहे. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि जाताना वळून काळजीनं बघूनही गेला.

पडद्यावर आकडा आला साडेसहा.

"बावीस वर्षांची असताना मी यांच्याशी लग्न केलं," मागून घाम पुसत सूनबाई म्हणाली. "ताईकडे पोचेपर्यंत साठीची होईन."

तेवढ्यात पुढे एक उंच, बंदिस्त ट्रक आला आणि उस्तादांचे डोळे चमकले. "वारा तो कापतो, आपण त्याच्या आडोशानं जायचं!" ते त्याच्यामागे लागले. आकडा सात झाला. मग आठ. चाळीस किलोमीटरवर आठ पूर्णांक आठ!

"मामंजी, ताईचं वळण गेलं!"

"जाऊ दे! वळण कुठं पळतंय? आकडा बघ, आकडा!"

आठ पूर्णांक नऊ झालं आणि ट्रक डावीकडे एका फाटकातून आत शिरला. उस्तादही त्याच्यापाठोपाठ शिरले. मागून फाटक बंद झालं. ते सिमेंटचं गोदाम होतं. पुढे वजनकाट्याची रांग, मागे आणखी चार ट्रक. वळायला तसूभर जागा नाही.

"आता?" चिरंजीव म्हणाले.

"आता रांग," उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज मात्र विचित्र आनंदी होता.

दोन तास गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. सूनबाईनं मागून हात लांबवून एसी लावला. तिकडून ताईचा फोन आला, "जेवण गार झालं!" इकडे आकडा उतरत होता. गाडी काट्यावर चढली, खिडकीतून चिठ्ठी आली. रिकामं वजन, दोन टन पाचशे ऐंशी.

"म्हणजे आपण तिघं रिकामेच?" सूनबाईनं विचारलं.

उस्तादांना ऐकू आलं नाही. शिट्टी वाजली तशी त्यांनी एका झटक्यात गाडी उलटी घेऊन माल चढवायच्या ओट्याला लावली, अगदी वीतभर अंतरावर. खाली उतरले, मागचं दार उघडलं. आत मोकळी जागा बघून हमालानं विचारलं, "उस्ताद, बारा बसतील?"

"बारा काय, चढवा!" बत्तीस वर्षांची जीभ बोलून गेली.

पहिली गोणी धप्पकन आत पडली तेव्हा चिरंजीव फोनवर ताईंची समजूत काढत होते. पाठीमागे बघतात तो चौथी गोणी! दुधाळ रंगाच्या गालिच्यावर राखाडी ढग उठला. ते किंचाळले. तोवर बारा झाल्या होत्या आणि पावती फाटली होती.

"उतरवा!" चिरंजीव म्हणाले.

"पावती फाटली की माल परत आत जात नाही साहेब," काटेवाला शांतपणे म्हणाला. "आणि पावतीशिवाय फाटक उघडत नाही. पत्ता तुमच्याच गावचा आहे. माल घेणाऱ्यांचा टेम्पो सकाळपासून आलाच नाही. टाकून द्या की जाता जाता!"

सहाशे किलो सिमेंट घेऊन गाडी परतीचा घाट चढली. नाक आभाळाकडे. ताईकडे जाणं राहिलंच.

मग सूनबाई म्हणाली, "मामंजी, खरं सांगा. ही गाडी नक्की कुणाला हवीय?"

उस्तादांनी समोरच बघितलं. "वरून रस्ता दिसतो गं," ते म्हणाले. "खाली बसलं की कुणीतरी आपल्याला नेतंय, असं वाटतं."

सूनबाईनं त्यांच्या सीटची उंची नजरेनं मोजली. गोण्या उतरवून पंपावर टाकी भरली. शहाण्णव किलोमीटरला साडेबावीस लिटर.

"सव्वाचार!" उस्ताद म्हणाले. "पण माल धरून! माझा ट्रक साडेतीन द्यायचा!"

"ट्रक विकलात ना शेवटी?"

पंधरा दिवसांत मोठी गाडी गेली.

पुढच्या रविवारी ताईकडे निघताना छोट्या गाडीची किल्ली सूनबाईनं उस्तादांच्या हातात ठेवली. ड्रायव्हरच्या सीटवर दोन जाड उशा होत्या, खास शिवून घेतलेल्या. उस्ताद बसले. रस्ता दिसला, पार टोकापर्यंत.

छोटी आता बावीस देते. उस्ताद म्हणतात, पायाची कमाल! मात्र दर गतिरोधकाला त्यांचं डोकं छताला आपटतं. सूनबाईनं एक उशी काढू का विचारलं, तर म्हणाले, "नको. टोपी शिव."