डावात आलेला मन्मथ

शेजारच्या वैजनाथआप्पांबरोबर मी गेली दीड-दोन वर्षं रोज संध्याकाळी मोबाइलवर लुडो खेळतो, आणि हे आप्पांना ठाऊक नाही. माझ्या बायकोलाही नाही. तिला वाटतं, मी कचेरीचे मेसेज बघत बसतो. आज पहिल्यांदाच कुठंतरी लिहितोय.

पण आधी आप्पा कसे आहेत ते सांगतो.

आप्पा मोबाइल खुळखुळवतात. फासा टाकायला पडद्यावर नुसतं बोट टेकवायचं असतं, हे त्यांना पटत नाही. "न हलवता टाकलेला फासा म्हंजे लबाडी," असं त्यांचं म्हणणं. ओंजळीत मोबाइल धरून ते कवड्यांसारखा हलवतात, त्यावर फुंकर मारतात आणि मगच बोट लावतात. एकदा ह्या नादात मोबाइल सुटून समोरच्या नालीत गेला. काढला, धुतला, धोतरानं पुसला, बोटाच्या पेरानं मागून वाजवून पाहिला आणि म्हणाले, "बद्द वाजतोय. तडा गेला." गेला होता.

वाजवून बघणं ही जुनी खोड. दिंद्रुडला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं मागितलेली कळशी आधी स्वतः टिचकी मारून ऐकायची, मगच हातात द्यायची. काकू गेल्यावर दुकान विकलं, बीडला आमच्या भिंतीला लागून घर घेतलं, पण टिचकी काही सुटली नाही. टरबूज असो, दार असो, माझ्या स्कूटरची टाकी असो.

लुडोच्या आधी मोबाइलच्या दुकानदारानं त्यांना दुसरा एक खेळ टाकून दिला होता. एका रंगाच्या गोळ्या ओळीत आणल्या की त्या फुटतात, असला. आप्पांनी एकदा ओळ लावली, ती फुटली, आणि ते थेट माझ्या ओट्यावर आले.

"भाऊसाहेब, रांग लागली की फुटतंय हे. कावून?"

"खेळच तसा आहे, आप्पा."

"दुकानात तांब्यांची रांग लावायला माजी सकाळ जायची. अन् हितं लावली की मोडली! ह्यो खेळ न्हाई, उधळपट्टी हाय." त्याच दिवशी तो काढून टाकायला लावला.

खेळामधल्या जाहिरातींनाही ते उत्तर देतात. कर्ज घ्या म्हणणाऱ्या बाईला "न्हाई बाई, नको आमाला, सुखी ऱ्हा," असं सांगून ती संपेपर्यंत मान हलवत बसतात. बंद करायची फुली दिसते त्यांना. "बोलत्या बाईच्या तोंडावर दार लावावं का?" म्हणतात.

एकदा माझ्या मेव्हण्याकडं साखरपुड्याला आम्ही बरोबर गेलतो. तिथं पोरांनी टीव्हीला जोडलेला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला होता. आप्पांच्या हातात बटणांचा तो दांडगा रिमोट दिला. आप्पांनी गाडी डाव्या अंगाला घेतली आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट दिली. पोरं ओरडायला लागली, "आजोबा, दाबा की! हरताय!" आप्पा म्हणाले, "जाऊ दे त्येला. घाई असंल. दवाखान्याचं काम असंल." सगळ्यांच्या शेवटी पोचले आणि विचारलं, "गाव कोणतं आलं बे हे?"

लुडोतही तसंच. समोरच्याची सोंगटी मारायची वेळ आली की मोबाइलपुढं हात जोडायचे. "माफ करा पाव्हणं, नाइलाज हाय." मग मारायची. समोरचा कुठला, कोण, काही माहीत नाही. तरी पाव्हणा.

आणखी एक सवय सांगायला हवी, कारण माझा गुन्हा तिच्यापासूनच सुरू होतो. पडद्यावर जे येईल ते आप्पा मोठ्यानं वाचतात. दुकानात भाव ओरडून सांगायची सवय. बँकेचा ओटीपीसुद्धा आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा वाचतात. मी हजारदा टोकलं. "आपल्या गल्लीत कोण चोर हाय?" हे उत्तर.

तर एका उन्हाळ्यात रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून आकडे ऐकू यायला लागले. आकडे वाचून झाले की सामसूम. मग बऱ्याच वेळानं आप्पांचा आवाज, "बरं. कामात असंल." मला कळत होतं काय चाललंय. लुडोत आपल्या माणसाबरोबर खेळायचं असलं की एक डाव मांडायचा, त्याचा आकडा मिळतो, तो आकडा ज्याला पाठवाल तो त्या डावात येऊन बसतो. आप्पा कुणाला तरी रोज बोलवत होते आणि कुणी येत नव्हतं.

मी बुजरा माणूस. उठून शेजारी जावं, "आप्पा, मी खेळतो तुमच्याशी," म्हणावं, एवढंच करायचं होतं. ते मला जमलं नाही. एका संध्याकाळी आकडे ऐकले, आणि माझ्या मोबाइलवर तेच आकडे दाबले. डावात शिरलो. फोटो मी लावलेला नव्हता. नाव मोबाइलनं आपोआप टाकलं, माझं खरं. मन्मथ.

आता आमच्याकडं कपिलधारच्या मन्मथस्वामींना नवस बोलून पोरगं झालं की त्याचं नाव मन्मथ. आमच्या गल्लीत ही हाक मारली तर दोन-तीन दारं उघडतील. पण मला कचेरीपासून घरापर्यंत सगळे भाऊसाहेबच म्हणतात. माझं नाव आप्पांच्या ध्यानातही नसावं. आणि त्यांच्या मुलाचं नाव मन्मथ आहे, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं नाही.

 भिंतीपलीकडं आप्पा इंग्रजी अक्षरं जुळवत वाचताना ऐकू आले. "म... न... मन्मथ." मग चपलांचा फटफटाट, आणि आप्पा माझ्या दारात. मी मोबाइल उशीखाली सारला.

"भाऊसाहेब! आलं, पोरगं आलं! डावात येऊन बसलंय!"

"कोण?"

"मन्मथ हो! पुण्याचा! लई दिवसांनी..." ते अर्ध्यातच वळले. "जातो. त्येचा डाव खोळंबंल."

तेव्हा सांगायला हवं होतं. उशी उचलायची होती फक्त.

हा मुलगा दुकानात बसायला तयार नव्हता. पुण्याला नोकरी धरतो म्हणाला. तेव्हा भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर आप्पा बोलून गेले होते, "आमच्याच घरचं भांडं पोचा पडलेलं निघालं." मुलगा त्याच दिवशी गेला. तेव्हापासून दर सोमवारी पूजा झाली की आप्पा त्याला फोन लावायचे. फोन वाजायचा, उचलला जायचा नाही. आप्पा पूर्ण वाजू द्यायचे.

त्या संध्याकाळनंतर मी रोज जात राहिलो. एकदा खेळात ओळख झाली की परत आकडा पाठवावा लागत नाही, थेट बोलवता येतं. आप्पा बोलवायचे, मी जायचो. आणि खेळ झाला की ते माझ्याच ओट्यावर येऊन मला माझाच खेळ सांगायचे.

"लहानपणी असाच खेळायचा बघा. बापाच्या सोंगटीमागं मागं. पुढं जायची घाई न्हाई."

मी भित्रा खेळतो, बाकी काही नाही.

"अन् मला मारत न्हाई हो. हातात आलेली सोंगटी सोडून देतो. राग गेला भाऊसाहेब पोराचा. तोंडानं बोलत न्हाई, पर गेला."

मी न मारणं हे असं वाचलं जात होतं. खरं सांगायचं तर मलाही ते गोड लागत होतं. माझे वडील जाऊन खूप वर्षं झाली. पलीकडून "आलास का रं पोरा?" ऐकू आलं की मी भिंतीच्या अलीकडून मनातल्या मनात "आलो" म्हणायचो.

मग माझ्या ध्यानात आलं, सोमवारी पलीकडून फोन लावल्याचा आवाज येत नाही. मी सहज विचारलं. आप्पा हसले. "आता कशाला? रोज भेटतो की. उगं फोन करून कशाला लाजवायचं त्येला?"

मागच्या महिन्यात तो मला बीडच्या बसस्टँडवर भेटला. खरा मन्मथ. मित्राच्या लग्नाला येऊन परत निघाला होता. केस पिकलेले. त्यानंच ओळखलं; दिंद्रुडला बदलीवर असताना मी त्यांच्या दुकानात जायचो, आणि आप्पा आता माझ्या शेजारी राहतात हे त्याला गावाकडून कळलं होतं.

"भाऊसाहेब, आप्पा बरे हायेत ना?"

"बरे आहेत."

"सोमवारचा फोन बंद झाला त्यांचा."

"तू उचलत कुठं होतास?"

"न्हाई उचलत. पर वाजायचा ना." पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मदी कसले तरी आकडे यायचे मेसेजवर. नुसते आकडे. मला वाटलं, ओटीपी चुकून माझ्याकडं पाठवतायत. आता तेबी न्हाई. म्हनलं, सोडलं आप्पांनी आपल्याला."

"घराकडं चल की. दहा मिनिटांवर आहे."

"कोण्या तोंडानं येऊ? फोन चालू असता तर आलो असतो बघा."

माझ्या जिभेवर होतं सगळं. पुण्याची गाडी लागली. तो चढला. मी हात हलवला.

त्या संध्याकाळी ठरवलं, हा खेळ मोडायचा. असं खेळायचं की आप्पांनी परत बोलवू नये. पहिल्याच संधीला मी त्यांची घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारली. मग दुसरी मारली.  पलीकडं चपला वाजल्या.

आप्पा दारात, डोळे भरलेले, तोंडभर हसू. "भाऊसाहेब, आज मारलं पोरानं मला! दोनदा! आता भांडतोय बघा. परका माणूस भांडत न्हाई."

मी त्यांना पाणी दिलं.

आप्पांना मला दोन वाक्यं सांगायची आहेत. डावात येतो तो मन्मथ मी आहे. आणि तुमचा मन्मथ तुमच्या फोनची वाट बघतोय. ही दोन वाक्यं मी त्यांचं देणं लागतो, आणि अजून दिलेली नाहीत.