बेहाल्याचा पाला

आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी रिसबूडसाहेब दर रविवारी सकाळी साडेसहाला दाढी करून, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट घालून, बुटांना पॉलिश करून आणि काखेत दोन रिकामी पोती घेऊन कचरा आणायला निघत. कचरा टाकायला जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आणायला जाणारा, तोही पॉलिश केलेल्या बुटांत, असा हा एकच.

तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत की तुमच्या गावात नगरपालिका फांद्या आणि पानं भरडून त्यांचा डोंगर करून ठेवते, ज्याला हवा त्यानं तो फुकट न्यावा, आणि तुमचे बाबा दर शनिवारी गाडीची डिकी भरून घेऊन येतात. तुमची आई त्यांना हसते, असंही लिहिलंत. तिला हे पत्र वाचून दाखवा.

आम्ही तेव्हा कलकत्त्याला डमडममध्ये राहत होतो. सत्तरच्या पुढची चार-पाच वर्षं. तुमचे आजोबा बँकेत, बदली होऊन आलेले. घोषबाबूंच्या दुमजली घरात खाली आम्ही आणि वर रिसबूडसाहेब आणि त्यांच्या पत्नी विमलताई. आम्ही कलकत्त्यात पाहुणे, पण ते तिथलेच. त्यांचे वडील नोकरीसाठी आले आणि राहिले. त्यामुळे रिसबूडसाहेबांचं मराठी जरा पुस्तकी होतं आणि बंगाली मात्र घोषबाबूंहून शुद्ध, असं घोषबाबू स्वतःच म्हणत.

ते एका इंजिनियरिंग कंपनीत मुख्य ड्राफ्ट्समन होते. घरीही त्यांच्या हातून पेन्सिल सुटत नसे. गच्चीतल्या बत्तीस कुंड्यांचा त्यांनी ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढला होता, मोजमापांसकट आणि उत्तर दाखवणाऱ्या बाणासकट. "चौदा नंबर जरा सुकलाय," असं ते जिन्यात म्हणाले, की तो मोगरा आहे हे आपण ओळखायचं.

त्यांचं खरं प्रेम मात्र झाडांवर नव्हतं. ते मातीवरच्या पांघरुणावर होतं. वाळली पानं, कुजकी पानं, गवत, तळ्यातून ओढून काढलेली जलपर्णी, असं काहीबाही कुंडीतल्या मातीवर चार बोटं जाड पसरायचं, म्हणजे ओल टिकते आणि खाली खत होतं. हे सगळं बरोबरच आहे. पण त्यांना उघडी माती दिसली की राहवतच नसे.

"थंडीत पोराला उघडं निजवाल का तुम्ही?" ते मला विचारत.

"नाही."

"मग?"



मला सगळं जिथल्या तिथे लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या आठ कुंड्या गेरूनं रंगवलेल्या, माती चाळलेली, वर एक काडी पडलेली नाही. एका सकाळी उठून बघते तर आठही कुंड्या कुजक्या पानांनी गळ्यापर्यंत भरलेल्या. मी वर एक कडक चिठ्ठी पाठवली. उत्तरादाखल कुंडीचा उभा छेद काढलेला नकाशा आला. ओल कुठून जाते आणि कशानं थांबते ते लाल बाणांनी दाखवलं होतं. कोपऱ्यात सही आणि तारीख. त्या उन्हाळ्यात माझ्या झिनिया कधी नव्हे इतक्या फुलल्या. ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

पण बत्तीस कुंड्यांना पाला लागून लागून किती लागणार? आठवड्याला दोन पोती येत होती. कुंड्या भरल्या, मग गच्चीचा कोपरा भरला, मग जिन्याखालची जागा. घोषबाबूंची सायकल एकदा दोन दिवस सापडत नव्हती. ती जिन्याखालीच होती, फक्त पांघरूण घेऊन. घोषबाबू सौम्य गृहस्थ. ते रविवारी दुपारी फाटकात उभे राहून दोन फुगलेली पोती आत येताना बघत आणि हताशपणे विचारत, "आर कोतो, मोशाय?" आणखी किती, महाशय? रिसबूडसाहेब कपाळाचा घाम पुसून म्हणत, की या खेपेचा माल फार उत्तम आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकमेकींना काहीतरी छोटीशी वस्तू वाण म्हणून देतात. एका वर्षी विमलताईंनी कंगवे आणून ठेवले होते. रिसबूडसाहेबांनी त्यांचं मन वळवलं आणि कुजवलेला पाला बारीक चाळून, लहानलहान कापडी पुरचुंड्यांत बांधून पंचवीस जणींना वाटायला लावला. काळाभोर, मोकळा, हाताला गार. त्या दिवशी नुकत्याच नागपूरहून आलेल्या एक बाई होत्या. विमलताई पुरचुंडी देताना लाजून नुसतंच "घरचं आहे" म्हणाल्या. बाईंनी तो काळा मसाला समजून डब्यात भरला. पुढे आठवड्याभरानं त्यांचे यजमान तुमच्या आजोबांना बँकेत म्हणाले, "इकडचं पाणी बरं नाही हो. आमटीला मातीचा वास येतो."

आता, पाला डमडमला मिळत नव्हता का? आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बागेतल्या पानांचा पुरुषभर उंचीचा ढीग असे. रिसबूडसाहेब त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. ते डमडमहून बसनं एस्प्लनेडला जात, तिथून ट्रामनं बेहाल्याला. म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. जायला दीड तास, पोती घेऊन यायला दोन. ट्रामचे कंडक्टर त्यांना ओळखत आणि पाताबाबू म्हणत. पाता म्हणजे पान.

"बेहाल्याच्या पाल्यात जलपर्णी असते," ते समजावून सांगत. "तळ्यातली. पोटॅश आहे त्यात. डमडमच्या पाल्यात काय आहे? धूळ."

बेहाल्याच्या पाल्यात काय आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला ते ठाऊक नाही, असा फक्त त्यांचा समज होता. तळ्याकाठी जिथे नगरपालिकेची माणसं तो ढीग करत, त्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, त्यांच्या मुलीचं घर होतं.

अनुराधा त्यांची एकुलती एक. कॉलेजात शिकवत होती. तिथल्याच सुब्रत नावाच्या प्राध्यापकाशी तिनं रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी येऊन सांगितलं. मुलगा चांगला होता. बंगाली असल्याचंही रिसबूडसाहेबांना काही वाटलं नाही, ते स्वतःच निम्मे बंगाली. त्यांचं दुखणं वेगळं होतं. "मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, तो भाग निराळा," ते म्हणत. "पण विचारायला नको?" आणि त्या वर्षीच्या गणपतीत, आरतीनंतर, चाळीस मराठी माणसांसमोर ते म्हणाले, की त्या घराचा उंबरठा मी ओलांडणार नाही आणि तिच्याशी बोलणार नाही. त्यांचा धंदाच असा, की शाईनं ओढलेली रेघ खोडायची सवय नाही.

त्याला चार वर्षं झाली. मध्ये अनुला मुलगी झाली, तिचं नाव तुतुल. तुतुल जन्मली त्याच महिन्यात रिसबूडसाहेबांना बेहाल्याच्या जलपर्णीचा शोध लागला.

विमलताई दर बुधवारी विणकामाच्या वर्गाला म्हणून मुलीकडे जात. तीन वर्षांत त्यांनी एक मोजाही विणून आणला नाही आणि रिसबूडसाहेबांनी कधी विचारला नाही. विमलताईंकडूनच आम्हाला कळे. रविवारी ते ढिगाशी पोचले, की अनु तुतुलला घेऊन गॅलरीत येई आणि तिचे केस विंचरत बसे. मुलीचे केस बोटभर. ते विंचरायला तिला पाऊण तास लागे. खाली हे एकेक पान तांदूळ निवडल्यासारखं निवडत. बघायचे कुठे, ते विचारू नका. एकदा पोत्यातून कुणाची तरी चप्पल निघाली होती.

"आई, तू त्यांना काही बोलू नकोस," अनुनं विमलताईंना बजावलं होतं. "आणि मीही खाली जाणार नाही. आपल्याला कळलंय असं त्यांना कळलं, तर ते यायचे बंद होतील."

हीच सगळ्यांना धास्ती होती. म्हणून सगळं मराठी मंडळ त्यांच्याशी पोटॅशवर बोलत असे.

त्या हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. शनिवारी संध्याकाळी विमलताई खाली आल्या. "उद्या तुम्ही जा हो त्यांच्याबरोबर. एका हातानं पोतं कसं उचलणार?"

"मग तुम्हीच का नाही जात?"

"मी कशी जाणार? मी बेहाल्याला जात नाही ना."

मी गेले. ट्रामच्या सेकंड क्लासमध्ये त्यांनी मला फणसाचं पान कुजायला किती वेळ घेतं आणि का, ते सांगितलं. बेहाल्याचं वळण आलं तसा त्यांनी खिशातून कंगवा काढून भांग सारखा केला.

तळ्याकाठी ढीग नव्हता.

जमीन झाडून स्वच्छ केली होती, वर चुन्याची पांढरी भुकटी मारली होती. एक माणूस कुंपणाचे खांब पुरत होता. रिसबूडसाहेबांनी त्याला विचारलं, की पाला कुठे गेला.

"इधर अब नहीं पड़ेगा, बाबू. सब लॉरी में धापा के कचरा मैदान जाएगा. आप कहाँ से आए?"

"डमडम."

"डमडम में तो इससे बढ़िया मिलता है," तो माणूस म्हणाला आणि पुन्हा खड्ड्याकडे वळला.

रिसबूडसाहेब तिथेच उभे राहिले. समोर गॅलरी होती आणि गॅलरीत कुणी नव्हतं. पण असतं तरी काय? हातात पाला नसल्यावर तिकडे बघायचं कसं, हे त्यांना कळेना. त्यांनी दोन्ही पोत्यांच्या कडा जुळवून नीट चौकोनी घड्या घातल्या. मग म्हणाले, "चला, वहिनी. नऊची ट्राम मिळेल."

आम्ही दहा पावलं गेलो असू, तेवढ्यात मागून फाटक वाजलं.

"मावशी," अनुनं हाक मारली. हातात खराटा, पदर खोचलेला. ती माझ्याकडेच बघत होती. "आमच्या अंगणात पाला साठलाय. फणसाचा. टाकायचाच आहे. कुणाला हवा असेल तर न्या."

रिसबूडसाहेब रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, किती आहे विचारा."

मी विचारायच्या आत अनु म्हणाली, "मावशी, त्यांना म्हणावं, येऊन बघा."

माझं मराठी, त्यांचं मराठी, तिचं मराठी, आणि मध्ये मी दुभाषी. ते फाटकापर्यंत आले. आत अंगणात एकच मध्यम फणस होता आणि त्याखाली माझ्या खांद्याला लागेल एवढा ढीग. रिसबूडसाहेबांनी मान पुढे करून तो बराच वेळ न्याहाळला.

"वहिनी, फणसाला जलपर्णी कधीपासून लागायला लागली, ते विचारा."

अनुचा चेहरा लाल झाला. "मावशी, त्यांना सांगा, बेहाल्याच्या फणसाला लागते."

नंतर विमलताईंकडून कळलं. आदल्या दिवशी लॉरी आली तेव्हा अनु तिच्यापुढे जाऊन उभी राहिली होती आणि अर्धी लॉरी तिनं स्वतःच्या अंगणात रिकामी करून घेतली होती. सुब्रत कॉलेजातून आला तेव्हा त्याला घरात शिरायला वाट नव्हती. बिचाऱ्यानं कोट काढला आणि अंधार पडेपर्यंत घमेल्यानं पाला बाजूला सारला.

रिसबूडसाहेबांचा बूट फाटकाच्या पट्टीशी अडला होता. "वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "फाटकाला उंबरठा धरत नाहीत ना?"

"नाही धरत," मी म्हटलं. शिक्षण माझं इंग्रजीत झालं, रूढी-शास्त्रातलं फारसं कळत नाही, तरी एवढं मी ठामपणे सांगू शकत होते.

ते आत आले. एक पोतं उलगडलं. खांद्यामुळे त्यांचा एकच हात चालत होता, म्हणून एका बाजूनं ते पाला घालू लागले आणि दुसऱ्या बाजूनं अनु. तुतुल पायरीवरून उतरून आली, एक पान उचललं आणि त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटावर नेऊन ठेवलं. त्यांनी पाय हलवला नाही.

पोतं निम्मं भरलं तशी अनु दोन्ही हातांनी पाला आत दाबायला लागली.

"दाबू नकोस," रिसबूडसाहेब म्हणाले. मला नव्हे, तिला. "सैल भर. हवा खेळली पाहिजे."

"बरं, बाबा."

मी पोत्याचं तोंड धरून उभी होते. गच्च दाबून भरला असता तर तो सगळा ढीग चार रविवारांत संपला असता. ते तिलाही कळलं असावं. तिनं हात हलका केला.