सात निरोपांची पोच

थरथराटावर ठेवलेला मोबाइल टेबलाच्या काचेवरून दर थरथरीला थोडा सरकतो. सरकारी वकीलबाईंच्या टेबलाला दाराच्या बाजूला किंचित उतार होता, त्यामुळे त्यांचा फोन नेहमी तिकडेच जाई. एका थरथरीला साधारण दोन मिलिमीटर. आईचा फोन तीन-चार थरथरींत थांबे. मंत्र्यांच्या पीएचा मात्र पार कडेपर्यंत येई आणि खाली पडायच्या आत उचलावाच लागे.

उचलला की तोच निरोप. "मॅडम, साहेबांची इच्छा आहे, महापौरांचा तो खटला आता मागे घ्या. लेखी काही नको. तुम्ही समजदार आहात."

वकीलबाई समजदार होत्या. म्हणूनच नऊ तारखा होऊन गेल्या तरी त्या कोर्टात "चालवतो" असंही म्हणाल्या नव्हत्या आणि "मागे घेतो" असंही नाही. दर वेळी पुढची तारीख मागत. महापौरांनी शहरासाठी पाण्याची टाकी बांधली होती, काम स्वतःच्या मेहुण्याला दिलं होतं आणि टाकीत पाणी आणणारा पाइप कुणी बसवलाच नव्हता. टाकी बांधणारा गवंडी हा पहिला साक्षीदार. तो नऊही तारखांना इस्त्रीचा शर्ट घालून आला, बाकावर बसला आणि न बोलता परत गेला. दहावी तारीख येत्या मंगळवारी होती. न्यायाधीशांनी बजावलं होतं, ही शेवटची.

घरी जेवताना आई विचारी, "आज बोललीस का गं?"

"तारीख पडली."

"ती पडतेच. तू उभी कधी राहणार?"

कायद्याकडे वळण्याआधी वकीलबाई रसायनशास्त्र शिकल्या होत्या. तेव्हाची एक सवय सुटली नव्हती. जे घडेल ते वेळेसकट लिहून ठेवायचं. असा फोन पीएचा असो, सचिवांचा असो की पक्षाच्या शहराध्यक्षांचा, त्या चिठ्ठी लिहीत: कोण, किती वाजता, काय म्हणाले. कुणाला दाखवायला नव्हे. लिहिलं की पुढच्या कामाला लागता येई, एवढंच. माणसामागे एक, अशा सात चिठ्ठ्या पेपरवेटखाली साठल्या होत्या.

बुधवारी त्या कोर्टातून परतल्या तर पेपरवेट होता, चिठ्ठ्या नव्हत्या.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने रजेवर गेलेले हेडक्लार्क त्या दिवशी परत कामावर आले होते. सगळं ऑफिस त्यांना नोंदकाका म्हणे. ऑफिसात शिरलेली कोणतीही गोष्ट वहीत चढवल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नसे.

"काका, इथल्या चिठ्ठ्या?"

"आवक नोंदवहीत, मॅडम. दोन महिन्यांत एका निरोपाची नोंद नाही! माझ्या जागी बसवलेल्या माणसाला काही वाटलं कसं नाही? सगळे चढवले. पोचही गेली."

"पोच? कुणाला?"

"ज्यांनी निरोप दिला त्यांना. निरोप आला की पोच जाते. नियमच आहे."

वकीलबाईंनी कार्यालयीन प्रत मागून घेतली. 'विषय: महापौरांवरील खटला मागे घेणे. आपण १० वाजून ४० मिनिटांनी दूरध्वनीवरून दिलेला निरोप या कार्यालयास मिळाला. त्यास त्वरित लेखी दुजोरा द्यावा, ही विनंती.' खाली त्यांच्याच नावाने काकांची सही. त्याखाली: 'प्रत माहितीसाठी, मा. न्यायालय.'

"कोर्टाला कशाला, काका!"

"विषयात खटल्याचा उल्लेख येतो ना. उल्लेख आला की प्रत जाते."

वकीलबाई खुर्चीत बसल्या. राज्याच्या नकाशावर इथून सर्वांत लांबचं ऑफिस कोणतं आणि तिथे आईचा डॉक्टर मिळेल का, याचा त्या विचार करू लागल्या.

शुक्रवारी सकाळी फोन थरथरला. त्यांचा हात पुढे होईना. फोन सरकत सरकत कडेला आला आणि पडला तो थेट नोंदकाकांच्या ओंजळीत.

"ती पोच ताबडतोब परत घ्या!" पीएचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"आपण कोण? बरं. वेळ, अकरा वाजून पाच. निरोप, पोच परत घ्यावी. नोंदवलं. याची पोच दुपारपर्यंत पोचेल."

"अहो, हा निरोप नाहीये! मी नुसता बोलतोय!"

"नुसत्या बोलण्याला रकाना नाही, साहेब."

दुपारी पीए स्वतःच आला. काकांनी अभ्यागतांची वही पुढे केली.

"येण्याचं कारण?"

"सहज."

"सहज इथे आरोपीसुद्धा येत नाही, साहेब."

पीएने रुमालाने मान पुसली. "काका, वयाने मोठे आहात म्हणून हात जोडून सांगतो. ती नोंद खोडा."

"खोडता येत नाही. निरोप दिलाच नव्हता असं लेखी दिलंत, तर शेजारी तसा शेरा मारता येतो."

"द्या कागद!"

पीएने दोन ओळी खरडल्या. काकांनी चष्मा वर करून वाचल्या. "एवढंच लिहिलंत तर कोर्ट विचारील, मग साहेबांचं म्हणणं आहे तरी काय?"

पीएने बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं, 'खटला विनाविलंब चालावा, हीच मंत्रीमहोदयांची पहिल्यापासूनची भूमिका आहे.'

काकांनी शिक्का मारला आणि त्याची पोच दिली.

मंत्र्यांनी हात झटकल्याची बातमी संध्याकाळपर्यंत निरोप देणाऱ्या बाकीच्यांना लागली. नोंदवहीत आपणच एकटे उरणार, ही भीती सगळ्यांना एकदम वाटली. शनिवारी सचिवांचं पत्र आलं. पक्षाच्या शहराध्यक्षांना 'विनाविलंब' हा शब्द मिळमिळीत वाटला, म्हणून त्यांनी 'कठोरात कठोर शिक्षा' मागितली. सोमवारी सातवं पत्र आलं. वकीलबाईंनी ते दोनदा वाचलं.

'खटला मागे घ्या असे मी कधीही म्हटलेले नाही. उलट तो लवकरात लवकर चालावा, अशी माझीच मागणी आहे.' खाली महापौरांची सही, ठसठशीत.

"काका, यांनाही पोच गेली होती?"

"सातवी चिठ्ठी त्यांचीच होती ना, मॅडम. ही सगळी पत्रं कोर्टात दिली. प्रत जाते."

वकीलबाई रविवारी रात्री झोपल्या नव्हत्या, पण सोमवारी जेवताना हसल्या. आईने विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "उद्या सांगते."

मंगळवारी कोर्टाच्या व्हरांड्यात पीए खांबाआडून पुढे आला. आवाज लोण्यासारखा मऊ. "मॅडम, कागद कागदाच्या जागी. आज तब्येत बरी नाही, एवढंच आत सांगा. साहेब लक्षात ठेवतील."

वकीलबाईंचा हात सवयीने पर्समध्ये चिठ्ठीकडे गेला. मग त्यांनी तो रिकामाच बाहेर काढला.

"काका," त्या मागून फायली घेऊन येणाऱ्या नोंदकाकांना मोठ्याने म्हणाल्या, "लिहून घ्या. दहा वाजून पन्नास मिनिटं. निरोप, सरकारी वकिलांनी आजारी पडावं."

अख्खा व्हरांडा वळून बघू लागला. बाकावरचा गवंडी दहा तारखांत पहिल्यांदाच हसला. पीए जिना उतरत होता, एकेका ढांगेत तीन पायऱ्या.

"याची पोच जुन्याच पत्त्यावर ना?" काकांनी वरून विचारलं.

कोर्टात महापौरांचे वकील आधी उठले. "पुढची तारीख मिळावी, ही विनंती."

न्यायाधीशांनी एक कागद उचलला. "तुमचे अशील तर म्हणतात, लवकरात लवकर चालवा. सही त्यांचीच ना?"

वकिलांनी महापौरांकडे पाहिलं. महापौरांनी पंख्याकडे पाहिलं.

"त्यांचीच," वकील पुटपुटले.

"बसा." न्यायाधीश वकीलबाईंकडे वळले. "आणि सरकार पक्ष? का आजही तारीखच?"

पुढ्यातल्या पर्समध्ये फोन थरथरू लागला. वकीलबाईंनी तो उचलला नाही. त्या मोजत राहिल्या. चौदा थरथरी झाल्या आणि फोन थांबला. असला फोनही आपोआप थांबतो, हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं.

त्या उभ्या राहिल्या.

"तारीख नको, सर. सरकार पक्ष खटला चालवणार. पहिला साक्षीदार हजर आहे."