दुसऱ्यांदा पोहे

सांगलीत लग्न ठरलेल्या जोडप्याला बघायला मंगल कार्यालय घरी येतं. मुहूर्त नसलेल्या रविवारी येतं, पोहे खातं, चार प्रश्न विचारतं आणि "कळवतो" म्हणून निघून जातं. पूर्वी उलटं होतं म्हणतात. माणसं कार्यालय बघायला जायची, नळाला पाणी आहे का बघायची, पंखे लावून बघायची. मग लग्नं वाढली, कार्यालयं तेवढीच राहिली, आणि ज्याची टंचाई त्याची पसंती, ही तर जगाची रीतच आहे.

शलाका थोरातला आजवर पाच कार्यालयांनी बघितलं होतं. म्हणजे तिला आणि इंद्रजितला, जोडीनं. पहिलं म्हणालं, जोडपं चांगलं आहे, पण आमच्या स्टेजच्या मानानं किरकोळ दिसतं. दुसऱ्याला हजाराच्या खाली पाहुणे चालत नव्हते. तिसरं जे कळवतो म्हणालं, ते अजून कळवतंय. चौथं येता येताच बोळात अडकलं. गल्लीतल्या लोकांनी धक्का मारून त्याला मोकळं केलं, तर अपमान झाला म्हणून तिथूनच परत गेलं. पाचव्याचं पुण्याच्या एका जोडप्याशी आधीच पक्कं झालं होतं. थोरातांकडे ते नुसतं पोह्यांना आलं होतं.

रजिस्टर लग्न का नाही करत, असं कुणी विचारलं की शलाकाचे अप्पा सांगत, "त्यांचं ऑफिसही येणार आहे की बघायला. पण सरकारी आहे, अजून निघालेलं नाही."

सुरुवातीला इंद्रजितचे आईवडील प्रत्येक बघण्याला तासगावहून येत. तिसऱ्या नकारानंतर त्यांनी "ठरलं की कळवा" असं सांगून टाकलं. आणि खरं तर शलाकालाही कुणीतरी नुसतं कळवावं, एवढंच वाटायला लागलं होतं. साखरपुड्याच्या आधी ती आणि इंद्रजित रविवारी संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसत. मध्ये भडंगाचा पुडा. बोलणं असं काही नसे. नदीकडे बघायचं, पुडा संपला की घरी. साखरपुडा झाला आणि घाट सुटला. आता रविवार म्हणजे पातळ पोहे की जाड, साडी की ड्रेस, आणि संध्याकाळी दोघांनी आपापल्या घरी आडवं होऊन फोनवर "झोपलीस?" "नाही. तू?" एवढंच.

आता सहावं कार्यालय यायचं होतं. ऐश्वर्यलक्ष्मी मंगल कार्यालय व लॉन्स. चातुर्मासाच्या आधीचा शेवटचा मुहूर्त त्याच्याकडे होता. तो गेला की मग थेट तुळशीचं लग्न लागल्यावरच बोलायचं. शलाकानं मनाशी म्हटलं, तोपर्यंत आपण दोघं एकमेकांना ओळखू तरी का?

स्थळ दिगूमामानं आणलं होतं. दिगूमामा म्हणजे शलाकाच्या आईचा धाकटा भाऊ. कार्यालयांच्या रीतीभातींवर त्याचा शब्द शेवटचा मानला जाई.

"ताई, नीट ऐक," तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला. "एकदाच वाढायचं. दुसऱ्यांदा वाढायचं नाही."

"अरे पण दारात आलेल्याला घ्या अजून थोडं म्हणायचं नाही? आपल्यात असं असतंय व्हय?" आई म्हणाली. तिचा डाव हातातल्या हातात वळवळत होता.

"म्हणायचं नाही म्हणजे नाही. दुसऱ्यांदा वाढलं आणि कार्यालयानं घेतलं, की झाला होकार, मग कुणालाच मागं फिरता येत नाही. आणि ज्याच्या ताटलीत घेतलं, त्याचं लग्न ठरलं. मिरजेत काय झालं? शेजारचे तात्या नुसते गंमत बघायला आलेले. स्वतःच्या ताटलीत पोहे वाढून घेतले आणि दिली ताटली सरकवून कार्यालयापुढं. त्यानं खाल्ले. मग काय, तात्यांचं त्यांच्याच बायकोशी परत लग्न लावावं लागलं, सत्तराव्या वर्षी. काकू आजपण त्यांच्याशी बोलत नाहीत. म्हणतात, एकदा झालं होतं ते पुरे होतं."

दहाच्या सुमारास गल्लीतल्या तारा हलल्या, कुत्री उठून बाजूला झाली, आणि ऐश्वर्यलक्ष्मी दोन इमारतींच्या मधून अंग चोरत आत आलं. दाराला आदल्या दिवशीचं झेंडूचं तोरण तसंच होतं. मागोमाग त्याचं लॉन आलं. नात्यानं ते थोरलं असावं. काही न बोलता ते गेटपाशी पसरलं.

थोरातांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. कार्यालयाला जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून सगळे गॅलरीत उभे राहिले. दिगूमामानं पोह्यांची ताटली खाली नेऊन कार्यालयाच्या उंबऱ्यावर ठेवली. दार लागलं, उघडलं. ताटली रिकामी होती, फक्त कढीपत्ता कडेला काढून ठेवलेला.

"हॅलो... हॅलो... माईक चेक," कार्यालयाच्या कपाळावरचा भोंगा बोलला. "हां. नमस्कार. जरा उशीर झाला. कालचे वऱ्हाडी उठतच नव्हते."

"असू दे, असू दे," अप्पा म्हणाले. "घर सापडायला त्रास नाही ना झाला?"

"नाही. या गल्लीतली दोन लग्नं आमच्याकडंच लागली आहेत. एक टिकलंय. मुलीनं जरा चालून दाखवावं."

शलाका गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली.

"पाय घासत नाही. चांगलं आहे. आमची फरशी नवीन आहे. बरं, फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, अजून एकदा हसा. तर?"

"हसेन."

"परत म्हणाला?"

"परत हसेन. मी बँकेत तक्रारींच्या खिडकीवर असते."

"उत्तम," कार्यालय म्हणालं, आणि लॉनही किंचित हिरवं झालं. "मुलगा काय करतो?"

"पॉलिटेक्निकला शिकवतो," इंद्रजित म्हणाला. सकाळपासून तो उभाच होता. त्याच्या शर्टाला शलाकाच्या आईनं पुन्हा इस्त्री करून दिली होती, पण चेहऱ्याला इस्त्री कोण करणार?

"उखाणा येतो?"

"एक येतो."

"दुसऱ्याचा आग्रह झाला तर?"

"तोच परत घेईन. लांबच्या लोकांना ऐकू गेला नसेल."

"ओळीनं किती जणांच्या पाया पडू शकाल?"

इंद्रजितनं प्रामाणिकपणे विचार केला. "कंबर धरेपर्यंत."

कार्यालय आणि लॉन यांच्यात काहीतरी कुजबुज झाली. मग कार्यालयानं घसा साफ केला.

"स्पष्ट बोलतो, राग मानू नये. मुलगी पसंत आहे. मुलगा नाही."

खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

"मुलगा वाईट नाही," कार्यालय समजुतीच्या सुरात म्हणालं. "पण दमलेला दिसतो. असा चेहरा स्टेजवर उभा राहिला की पाहुण्यांनाही जांभया येतात. जेवायला थांबत नाहीत, आहेर देऊन निघतात. आमचं नाव खराब होतं. तर, आमच्याकडं एक मुलगा आहे. त्याच मुहूर्ताला तारीख धरून बसलाय. त्याच्याशी ठरलेल्या मुलीनं ऐनवेळी नकार दिला. हार सांगून झालेत, शेरवानी शिवून तयार आहे, घोडीसुद्धा ठरलेली आहे. फक्त मुलगी तेवढी हवी. तुम्ही घरात बोलून घ्या. आम्ही थांबतो."

सगळे आत आले. अप्पा खुर्चीत बसले आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "तसं वाईट नाही म्हणा."

"अप्पा!"

"अगं, मी नुसतं म्हटलं. हॉल एसी आहे."

"आणि पार्किंग बघ की शले," दिगूमामा म्हणाला. "दोनशे गाड्या आरामात. असलं पार्किंग सांगली-मिरजेत मिळायचं नाही. मुलगा काय, मुलं मिळतात."

"शेरवानीचा रंग कुठला म्हणाले?" आईनं विचारलं. मग शलाकाचा चेहरा बघून, "मी आपलं विचारलं. माझी पैठणी मोरपंखी आहे, म्हणून," असं म्हणून ती उगीच डबे आवरू लागली.

शलाकानं इंद्रजितकडे बघितलं. आता हा तडकेल, टेबलावर हात आपटेल, निदान चप्पल घालून निघून जाईल. इंद्रजित दिवाणाच्या कडेला बसला होता. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पार्किंग खरंच चांगलं आहे."

तिनं नजर दुसरीकडे वळवली. कारण खरं सांगायचं तर, शिवून तयार शेरवानी हा शब्द ऐकताना क्षणभर तिलाही बरं वाटलं होतं. कुणीतरी आयता उभा आहे, माप झालेलं आहे, आपण फक्त जाऊन शेजारी उभं राहायचं. फक्त क्षणभर. पण वाटलं होतं, आणि ते इंद्रजितला कळलं असणार.

"मी अजून काही खाल्लं नाही," इंद्रजित उठत म्हणाला. "खाली बसून खातो. तुम्ही सावकाश बोला."

त्यानं स्वतःची ताटली घेतली आणि जिना उतरून गेला. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून कार्यालयाच्याच पायरीवर बसला.

वर दिगूमामानं शेरवानीवाल्या मुलाचं शिक्षण विचारून घ्यावं असं काढलं, अप्पांनी त्याचे आईवडील काय करत असावेत असं काढलं, आणि तेवढ्यात सगळ्या गल्लीत कार्यालयाचा आवाज घुमला. भोंगा चालूच राहिला होता.

"तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत," कार्यालय म्हणत होतं.

"राग यायला अंगात काहीतरी लागतं," इंद्रजितचा आवाज आला. "आणि तुमचं खोटं कुठं आहे? दमलोय मी."

"मीही दमलोय," कार्यालय म्हणालं. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबल्या. "सकाळी एक लग्न, दुपारी एक, संध्याकाळी रिसेप्शन. प्रत्येक बँडवाला मलाच ऐकवतो. प्रत्येक वऱ्हाडी माझ्याच भिंतीला पान पुसतो. मुहूर्त नसेल त्या रविवारी तुमच्यासारखी जोडपी बघत फिरायचं. मला एकदा, फक्त एकदा, रविवारी रिकामं बसायचं आहे. कुठं बसतात हो लोक?"

"आम्ही घाटावर बसायचो."

"काय करायचात?"

"काही नाही. ती भडंगातले शेंगदाणे वेचून माझ्या हातावर ठेवायची. मला वाटायचं, काय माया आहे. वर्षभरानं कळलं, तिला शेंगदाणे आवडतच नाहीत."

समोरच्या बाई हसल्या. शलाकाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मग आता काय करणार?" कार्यालयानं विचारलं.

"काय करणार? दमायचं तर हिच्याबरोबर दमायचं, एवढंच ठरवलं होतं. त्यापुढचं काही ठरवलं नव्हतं."

कार्यालय हळू आवाजात म्हणालं, म्हणजे त्याला वाटलं हळू, पण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं, "एक विचारू का? पोहे अजून आहेत का हो? सगळीकडं एकदाच वाढतात. मला वाटतं, सांगलीत माझ्याइतकं उपाशी कुणी नाही."

"माझी ताटली तर संपली," इंद्रजित म्हणाला.

शलाका उठली. स्वयंपाकघरात गेली, कढई फडक्यानं धरली, डाव घेतला आणि दाराकडे निघाली.

"शले! शले, वाढायचं नाही हां!" दिगूमामा आडवा आला. "मी सांगितलंय ना रीत?"

"सांगितलीय, मामा. म्हणून तर निघाले."

ती जिना उतरली. इंद्रजित पायरीवर कढईकडे बघत राहिला. तिनं त्याच्या मांडीवरची उष्टी ताटली उचलली, उंबऱ्यावर ठेवली आणि डाव भरून पोहे वाढले. मग अजून एक डाव. शेवटी कढीपत्ता स्वतःच वेचून काढला.

"घ्या," ती म्हणाली. "संकोच करू नका."

दार लागलं. बराच वेळ लागलेलंच राहिलं. गल्लीत सगळे आपापल्या गॅलरीत उभे होते. लॉन कडेकडेनं पिवळं पडत चाललं होतं. दार उघडलं तेव्हा ताटली चाटूनपुसून स्वच्छ होती.

"खाल्लं!" वरून दिगूमामा ओरडला. आवाजात दुःख होतं, पण रीतीचा अभिमानही होता. "मुलाच्या ताटलीत खाल्लं! आता बोलायलाच नको."

"ही मुलाची ताटली होती?" कार्यालयानं विचारलं.

"हो," शलाका म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

कार्यालय म्हणालं, "बरं." आणि जरा वेळानं, "पोहे छान होते."

आई गॅलरीतून वाकून म्हणाली, "अजून आहेत हो! आणू?" कारण आता तिला कुणी अडवू शकत नव्हतं.

लग्न शेवटच्या मुहूर्ताला लागलं. तासगावला कळवलं. कार्यालयानं अटी घातल्या, त्या दोन्ही बाजूंनी मान्य केल्या: बँड नाही, आणि मंगलाष्टकं झाल्यावर सगळ्यांनी बसून घ्यायचं. इंद्रजितच्या चेहऱ्याकडे बघून पाहुण्यांना जांभया आल्या, पण जेवायच्या आधी कुणी गेलं नाही. भात झाल्यावर बरेचसे जाजमावरच कलंडले. फोटोग्राफर "मॅडम, अजून एकदा" म्हणाला तेव्हा शलाका खुर्चीत झोपली होती. दुपारी कार्यालयानं आपणहून दिवे कमी केले आणि पंखे दोनवर आणले. शेरवानीवाला मुलगा लॉनवर एकटाच बसून होता. त्याला तुळशीच्या लग्नानंतरची तारीख दिली आहे.

आता मुहूर्त नसलेल्या रविवारी संध्याकाळी दोघं घाटावर जातात. कार्यालय आधीच येऊन बसलेलं असतं, खालच्या पायऱ्या पाण्यात सोडून. लॉन येत नाही, त्याला ओल सोसत नाही. इंद्रजित येताना भडंगाचे दोन पुडे आणतो. शलाका शेंगदाणे वेचते, थोडे इंद्रजितच्या हातावर ठेवते, थोडे उंबऱ्यावर.

"तिखट जरा कमी वाटतंय आज," कार्यालय म्हणतं.

"हळू बोला," शलाका म्हणते. "भोंगा चालू आहे."