बिलोलीची गाडी सोडणारे शांतवनमामा

शांतवनमामा अहमदपूरच्या स्टँडवर डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि 'आमेन' म्हणून डोळे उघडले की समोर जी एसटी दिसेल तिच्यात चढायचे. पाटी वाचायची नाही, चौकशी करायची नाही. कंडक्टरनं "कुठलं तिकीट?" म्हटलं की हे उलट विचारणार, "तू कुठं चाललास बाबा?"

आता बोला!

माझं शिलाईचं दुकान स्टँडसमोरच, त्यामुळं हा खेळ मला फुकटात. मामा आमच्याच चर्चचे. मिशनच्या बोर्डिंगात स्वयंपाक करून निवृत्त झालेले, बायको वारलेली, पोरबाळ नाही. झोळीत बायबल आणि पुडीभर काळा मसाला. जिथं उतरतील तिथं कुणाच्या तरी चुलीपाशी बसायचं, भाजीला हात लावायचा आणि ती शिजेपर्यंत प्रभूची गोष्ट सांगायची. उदगीरला एका लग्नातून आचारी पळाला होता, तिथं मामांनी अख्खी पंगत निभावून नेली. मुखेडच्या बाजारात एका अत्तरवाल्या चाचांशी अशी गट्टी जमली की ईदला आमच्या गल्लीत शिरखुर्मा यायला लागला. परत आले की थेट माझ्या दुकानात! "पोरी, मशीन थांबीव! मोहीम झाली गं, मोहीम!" आणि डोळे असे चमकायचे की मलाही वाटायचं, टाकावी कात्री आणि चढावं गाडीत.

मग प्रवचन. "ख्रिस्ती जिणं म्हंजे मोहीम हाय. आपुन तिचं लोणचं घालून बरणीत ठिवलंय. तिच्या वाटेत अडथळे तीन. पयला, उशी. दुसरा, लोक काय म्हणतील. तिसरा..." इथं त्यांना हटकून खोकला यायचा. तिसरा अडथळा आम्ही कधी ऐकलाच नाही.

पण मी काय कमी आहे होय? माझं लक्ष असायचं. डोळे उघडल्यावर समोर बिलोलीची गाडी असली की मामा चटकन पुन्हा डोळे मिटायचे. प्रार्थना लांबायची. जगातले सगळे आजारी, सगळे प्रवासी, सगळे अधिकारी आठवायचे. बिलोलीची गाडी धूर सोडत निघून गेली की लगेच आमेन!

"मामा, प्रभूला बिलोली चालत नाही काय हो?" मी एकदा खोचून विचारलं.

"त्या गाडीत लई गर्दी राहती," म्हणाले आणि तरातरा निघून गेले.

बिलोलीला त्यांचे थोरले भाऊ राहायचे, गमलिएलदादा. ते दुसऱ्या चर्चच्या मंडळीत गेले आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे नदीत बुडवून त्यांनी नव्यानं बाप्तिस्मा घेतला. आमच्याकडं पाळकबुवा कपाळावर पाणी शिंपडतात. दादा म्हणाले, "शिंतोड्यानं कुठं पाप धुतं होय?" मामा म्हणाले, "बुडून स्वर्ग मिळत आसंल तर म्हशी आधी जातील!" झालं. सख्ख्या भावांची बोलणी बंद, तीही अशी की एकमेकांच्या घरच्या मयतीलासुद्धा गेले नाहीत.

त्या साली आमचा लातूर जिल्हा नवाच झाला होता. पेंटर लोक पाट्यांवर नवं नाव रंगवत होते आणि पाण्याचा मात्र पत्ता नव्हता. नदीत म्हैस बुडेना की कपाळावर शिंपडायला थेंब मिळेना. आमच्या गल्लीत टँकर आला की बायका-माणसं घागरी घेऊन जीव खाऊन धावायची.

एक दिवस बिलोलीच्या गाडीचा कंडक्टर, दादांच्याच गल्लीत राहणारा, माझ्या दुकानात पँटला बटण लावून घ्यायला आला. मामा तिथंच बसलेले. तो सहज म्हणाला, "मामा, तुमचे दादा लई थकलेत. टँकर आला की समदी गल्ली पळती, त्यांच्यानं पळणं व्हत न्हाई. कुणी तांब्याभर देईल म्हणून दारात बसून राहत्यात."

मामा चहा अर्धाच सोडून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर आले ते झोळीशिवाय. छातीशी घागर, तोंडाला फडकं बांधलेलं. टँकरवर मिळालेलं त्यांचं स्वतःचं पाणी. मी रस्ता ओलांडून धावत गेले. माझ्या जिभेला हाड नाही, बोलून गेले, "शिंपडायला नेताय का बुडवायला?"

मामा हसले नाहीत. "प्यायला," म्हणाले. "दादाला तहान लागली आसंल गं."

मी तशीच माघारी पळाले, दुकानातला माठ उचलून आणला आणि त्यांची घागर काठोकाठ भरली. ते "आगं, तुला?" म्हणत राहिले, मी ऐकलंच नाही.

"तिसरा अडथळा म्या कधी सांगितलाच न्हाई तुला," फडकं बांधता बांधता ते म्हणाले. "म्याच तो. डोळे मिटून गाडीम्होरं हुबा राहायचो."

बिलोलीची गाडी लागली. पाटी नीट वाचून मामा चढले आणि खिडकीशी बसले. कंडक्टरनं विचारायच्या आधीच ओरडून म्हणाले, "एक बिलोली!"

गाडी सुटली. मांडीवर घागर, दोन्ही हात तिच्या तोंडाशी, आणि मामांचे ओठ हलत होते. प्रार्थनाच चालली होती. पण डोळे मात्र टक्क उघडे होते, कारण पुढं खड्डे होते आणि पाणी सांडून चालणार नव्हतं.