उणे सहाला वाडीत मनाई

ऋण गुणिले ऋण म्हणजे धन, हे पापडी गावाजवळच्या एका शाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतलं जात होतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. १९९७ साली सातवीतल्या उन्नतीने "पण का?" असं विचारलं आणि गणिताच्या हेलनबाईंची झोप उडाली. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

बाई हट्टाला पेटल्या. वर्गात त्यांनी गाठी मारलेली दोरी ताणली, मधल्या गाठीला शून्य म्हटलं आणि शेजारी लाकडी होडी ठेवली. पहिली संख्या धन असेल तर होडीचं तोंड दाराकडे, ऋण असेल तर फळ्याकडे. दुसरी धन असेल तर होडी पुढे न्यायची, ऋण असेल तर मागे. तोंड फळ्याकडे आणि चाल उलटी, की होडी आपसूक दाराकडे, म्हणजे धन बाजूला. पोरांनी आपल्या हाताने ढकलून पाहिली आणि त्यांना पटलं. बाईंना तर भरूनच आलं.

आता हे इथेच थांबायला काय हरकत होती? पण विस्तार अधिकारी धुरीसाहेब आले.

"उपक्रम स्तुत्य आहे," ते म्हणाले. "मोठे साहेब येतायत. पटांगणात भव्य स्वरूपात राबवा. शून्य ध्वजस्तंभापाशी घ्या, साहेब तिथेच उभे राहतात."

साहेब उभे राहतील तिथे शून्य, असं ठरलं. फाटकाकडे धन संख्यांना मोकळं रान मिळालं. ऋण बाजूला मात्र चौथ्या गाठीनंतर कुंपणाची भिंत आली आणि भिंतीपलीकडे प्लासिडची केळीची वाडी. परवानगी मागायला बाई स्वतः गेल्या.

"टीचर, उने आकडे माझ्या वाडीत नको," प्लासिड म्हणाला. "अधिकचे असतील तर कधीपन पाठवा."

धुरींनी तोडगा काढला. "प्रशासकीय कारणास्तव ऋण संख्या तूर्तास उणे चारपर्यंतच ग्राह्य धराव्यात."

"आणि पुढच्या?" बाईंनी विचारलं.

"पुढच्यांना हद्दीचा प्रश्न आहे."

पाहणीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी उन्नतीला दोन गुणिले उणे तीन घातलं. तिने होडी उलटी नेली, ती भिंतीला टेकली. "उत्तर उणे सहा," ती म्हणाली. "ते वाडीत आहे." साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं आणि शेरा दिला: उत्तर उणे चार, प्रात्यक्षिक यशस्वी. आता साहेबांचा शेरा खोटा कसा ठरवणार? वार्षिक परीक्षेच्या उत्तरसूचीत तोच छापला गेला.

हेलनबाई भांडल्या. चुकीचं शिकवणार नाही, म्हणाल्या.

"तुम्ही बरोबरच शिकवा हो," धुरी समजुतीने म्हणाले. "फक्त तपासताना चार धरा."

शेवटी बाईंनी पालकसभा बोलावली. पालक तरी पोरांच्या बाजूने उभे राहतील, अशी त्यांची भाबडी आशा. उन्नतीचे वडील जितेशराव बँकेतले, चांगले शिकलेले. ते उठून म्हणाले, "बाई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पेपरात काय लिहायचं तेवढं सांगा." सभेने टाळ्या वाजवल्या.

परीक्षेत उन्नतीने आधी उणे सहा लिहिलं. मग सहा खोडून चार केला. तपासताना खोडलेला सहा बाईंना स्वच्छ दिसला, पण गुण द्यावेच लागले. पोरगी गणितात पहिली आली. जितेशरावांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले आणि तुम्हीही "हुशार आहे हो मुलगी" म्हणत दोन उचललेत.