‘गेट’ची चाळीस रूपं

‘गेट’ हे एक क्रियापद ज्याला वश झालं, त्याला अख्खं इंग्रजी वश झालं, असं आवककाकांचं ठाम मत होतं. ऑफिसात आलेली पत्रं नोंदवण्यात बावीस वर्षं गेल्यामुळे त्यांच्याकडे ठाम मतं भरपूर होती. इंग्रजी तेवढं नव्हतं.

हेडक्लार्कच्या जागेसाठी त्या दिवशी अकरा वाजता मुलाखत होती. काकांच्या पुस्तकात ‘गेट’ची चाळीस रूपं होती आणि प्रत्येक रूप प्रत्यक्ष करून पाहा, अशी सूचना होती. मुलाखत होईपर्यंत मराठीचा शब्द उच्चारायचा नाही, हा पण काकांनी पदरचा जोडला!

“अहो, डबा घेतलात का?” बायकोने विचारलं.

“आय गॉट अप!”

“ते दिसतंय. डबा घेतलात का?”

साडेदहाला रेकॉर्डरूममध्ये सराव सुरू झाला. ‘गेट ऑन’ला काका स्टुलावर चढले, ‘गेट डाऊन’ला उतरले. ‘गेट इन’ला थेट लोखंडी कपाटात शिरले आणि दार खटकन लागलं! मूठ फक्त बाहेरून होती. ‘गेट आऊट’ पुढच्या पानावर होतं आणि पुस्तक स्टुलावर.

“गेट! प्लीज! डोअर! गेट! गेट!” कपाट ढोलासारखं घुमलं.

बाहेर ऑफिस गारठलं.

“वरून कुणी तपासणीला आलंय,” कॅशियर कुजबुजला. “काय तापलाय माणूस!”

“बघून येऊ?” पत्रं रवाना करणाऱ्या जावकताई उठल्या. त्याच जागेसाठी त्यांचाही अर्ज होता.

“बसा! इंग्रजीत उत्तर द्यायला येणार आहे का तुम्हाला?”

साहेबांनीही केबिनचं दार हळूच लोटून घेतलं. बावीस वर्षांत झालं नव्हतं एवढं काम त्या अर्ध्या तासात उरकलं.

अकराला शिपायाने दबक्या आवाजात पुकारा केला, “आवककाका?”

“आय ॲम गेटिंग! गेटिंग!” कपाट गरजलं.

शिपाई दचकून ताईंना म्हणाला, “काका नाहीतच. चला, तुम्हीच चला.”

थोड्या वेळाने काकांना बाहेरचं ऐकू आलं : “ताई, अभिनंदन! जागा तुमचीच! दुसरं कुणी फिरकलंच नाही!”

मुलाखत संपली होती, म्हणजे पणही संपला.

“अरे, मेलो! उघडा कुणीतरी!”

दोन सेकंदांत दार उघडलं. घामाने निथळणाऱ्या काकांनी समोरच्या ताईंना एवढंच विचारलं, “इंग्रजी फार अवघड होतं का हो?”

“छे! साहेब म्हणाले, ‘मराठीतच बोलू. आणि हळू बोला, रेकॉर्डरूममधल्याला ऐकू जाईल.’”

मुलाखत चार मिनिटं चालली होती.